हरणासवाचे मागचे पाय

मोरेश्वर ताटकेने आयुष्यात शेकडो प्रयोग केले आणि त्यातल्या एकाही प्रयोगात प्रेक्षकांना त्याचं तोंड दिसलं नाही. सांगलीतल्या एका हौशी बालनाट्य मंडळीत तो मागचे पाय होता. घोड्याचे मागचे पाय, बैलाचे मागचे पाय, सिंहाचे आणि एका दिवाळीच्या सुट्टीत तर उंटाचेसुद्धा. दिवसा वीज मंडळाच्या कचेरीत लोकांच्या मीटरच्या तक्रारी ऐकायच्या, संध्याकाळी कमरेत वाकून कापडी जनावराच्या पोटात शिरायचं, पुढच्या माणसाची कंबर दोन्ही हातांनी धरायची आणि तो नेईल तिकडे जायचं. घरी आल्यावर बायको विचारायची, "आज कोण होतात?" तो म्हणायचा, "अर्धा बैल." मग दोघं जेवायला बसायची.

पुढचे पाय देवदत्त कारखानीसचे. मिरजेचा विमा एजंट, पण रंगमंचावर आला की राजबिंडा. सरळ नाक, खणखणीत आवाज, केसांचा कोंबडा. जनावराचं तोंड घालून तो नुसती मान वळवायचा आणि पहिल्या रांगेतली पोरं आईच्या मांडीत सरकायची. प्रयोग संपला की तोंड काढून काखेत धरून तो पुढे यायचा आणि पोरं त्याला गराडा घालायची. मोरेश्वर तोवर मागच्या बाजूने बाहेर पडून पाठ शेकत बसलेला असायचा. त्याला याचं कधी वाईट वाटलं नाही. काही माणसांना दिव्याखाली बरं वाटतं, काहींना दिव्यामागे, आणि दोन्ही प्रकारची माणसं असल्याशिवाय नाटक उभं राहत नाही.

या दोघांच्या हातून अजब प्राणी जन्माला आले ते उंदरांच्या कृपेने. इस्लामपूरला प्रयोग होता. ट्रंक उघडली तर घोड्याचं तोंड उंदरांनी कुरतडून ठेवलेलं. एक कान गायब, वरचा ओठ गायब. तिसरी घंटा व्हायची वेळ झाली होती. ट्रंकेत दुसऱ्या नाटकातल्या बगळ्याची मान होती, लांबलचक, पिवळ्या चोचीची. देवदत्तने ती चढवली आणि मागे शिरलेल्या मोरेश्वरला काही न सांगता तो रंगमंचावर गेला. सांगायला वेळच नव्हता.

सगळं थिएटर गप्प झालं. मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीने मोठ्याने विचारलं, "हा पळतो का मासे धरतो?"

देवदत्त क्षणभर थबकला आणि बगळ्यासारखा एक पाय उचलून, मान वाकडी करून पाण्यात बघितल्यासारखा उभा राहिला. मागे मोरेश्वरला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याच्या हिशेबी हा घोड्याचा प्रवेश होता. तो इमानाने टापा टाकत राहिला. पुढचा अर्धा स्तब्ध, मागचा अर्धा चौखूर. पोरं हसून हसून खुर्च्यांवरून खाली आली.

त्या दिवशी दोघांना जे कळलं ते त्यांनी पुढे जन्मभर वापरलं. दोन प्राणी नुसते एकमेकांना चिकटवले तर ते चित्र होतं. त्या दोन अर्ध्यांचं आपसात पटेनासं झालं की गोष्ट सुरू होते. मग त्यांनी मुद्दाम प्राणी घडवायला घेतले. कोंबडमगर आली. तिच्या पुढच्या अर्ध्याला पहाटे उठून आरवायचं असे आणि मागच्या अर्ध्याला दिवसभर उन्हात पडून राहायचं असे. हत्तीउंदीर आला. तो घाबरला की मागचा उंदीर बिळात शिरायचा आणि पुढचा हत्ती बाहेर अडकून सोंडेने माती उकरत बसायचा. गाढवमोर आला. ढग दिसले की त्याचा पिसारा आपोआप उलगडे आणि पुढचं गाढव लाजेने मान खाली घाली. सुट्टीत सांगलीची पोरं रस्त्यात मोरेश्वरला नाही, पण त्याच्या प्राण्यांना ओळखत होती. त्याला तेवढं पुरत होतं.

मग सगळीकडे होतं तेच झालं. मंडळी पांगली, ट्रंका कोणाच्या तरी माळ्यावर गेल्या, मोरेश्वरची बायको गेली, आणि मुलगी रीमा त्याला आपल्याकडे अमेरिकेत, कॅरीला घेऊन आली. देवदत्तही मुलाकडे, संग्रामकडे, अल्फारेटाला आला. नॉर्थ कॅरोलिना आणि जॉर्जिया. नकाशावर बोटभर, गाडीने अख्खा दिवस. रोज सकाळी फोन व्हायचा. "मोऱ्या, जिवंत आहेस का?" "अर्धा." एवढ्यावर दोघांचा चहा गोड व्हायचा.

गेल्या वर्षी काचबिंदूने देवदत्तची नजर नेली. आधी कडा गेल्या, मग मधलंही गेलं. फोन कमी झाले. आले तरी बोलणं तेवढ्यापुरतंच. "कसा आहेस?" "सोफ्यावर आहे." एके दिवशी संग्रामनेच फोन केला.

"काका, बाबा मेलबॉक्सपर्यंत पण येत नाहीत. मी म्हटलं वॉकला जाऊ, ड्राइव्हला जाऊ, देवळात जाऊ. म्हणतात, कोणासाठी?"

"म्हणजे?"

"म्हणजे तेच. कोणासाठी. मी काय सांगू यार त्यांना?"

तो प्रश्न मोरेश्वरला लागला. ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या डोळ्यांसमोर उभं राहायचं काम केलं, त्याला लोकांचे डोळेच दिसेनासे झाले होते. मोरेश्वरच्या मनाने घेतलं की याला सोफ्यावरून उठवायचा. कसा, ते ठाऊक नव्हतं.

ते उन्हाळ्यात कळलं. इकडे गणपती पंचांगाप्रमाणे येत नाहीत, हॉलच्या बुकिंगप्रमाणे येतात. यंदाच्या गणपतीच्या शनिवारी मराठी मंडळाच्या मुलांचं नाटक ठरलं होतं. बसवणार होती उर्वी, रीमाची मैत्रीण, दिवसा औषधांच्या कंपनीत डेटा बघणारी आणि संध्याकाळी सगळ्यांच्या मुलांवर ओरडणारी. गोष्ट लिहिली होती मोरेश्वरच्या नातीने, इलाने. धुक्यात हरवलेलं एक राज्य, मधून वाहणारी नदी, पलीकडे काय आहे ते कोणालाच माहीत नाही. घर शोधत निघालेल्या एका मुलीला पलीकडे नेणारा एक प्राणी हवा होता. पृथ्वीवर नसलेला.

मुलं रीमाच्या स्वयंपाकघरात जमली आणि प्राण्यांचा पाऊस पडला. आर्य नावाच्या मुलाने कागद पुढे सरकवला.

"शार्कचं तोंड, ईगलचे विंग्ज, टायगरची बॉडी, अँड ही शूट्स लेझर्स. बेसिकली ही इज अनबीटेबल, आजोबा."

"कोणी हरवूच शकत नाही?"

"नोबडी."

"मग हा पहिल्याच पानावर जिंकून घरी जाईल की. पुढची पानं कोरी ठेवायची का?"

आर्य विचारात पडला. इला म्हणाली, "सो ही नीड्स अ वीकनेस?"

"वीकनेस नको गं. भांडण हवं. कोणाशी? स्वतःशी. आपल्याकडे किल्ल्यांच्या दरवाजांवर दगडात शरभ कोरलेले असतात. थोडा सिंह, थोडा आणखी काही. पराक्रमी दिसतात, पंजाखाली हत्ती दाबलेले. पण त्यांना आपण कधी विचारलं का, की बाबा रे, तुझ्या सिंहाला काय खायचंय आणि बाकीच्याला काय खायचंय?"

मुलं हसली आणि मग विचार करू लागली, आणि मोरेश्वरला एकदम इस्लामपूर आठवलं.

प्राणी सापडला तो मात्र खिडकीत. रीमाने मागच्या अंगणात कुंड्यांत मेथी लावली होती आणि एक हरीण रोज सकाळी येऊन ती खायचं. एक घास, मान वर, कान वर, पुन्हा एक घास. शेजाऱ्याच्या गॅरेजचं दार वाजलं की पसार. त्या सकाळी हरीण कुंडीपाशी असतानाच डेकखालचं कासव बाहेर आलं आणि त्याच्या मागून आपल्या चालीने निघालं. खिडकीतून बघणाऱ्याला वाटावं, पुढे हरीण आणि मागे कासव असा एकच प्राणी उभा आहे. गॅरेजचं दार वाजलं. पुढचा अर्धा उडून गेला. मागच्याने मान आत घेतली, बाहेर काढली आणि चालणं पुढे चालू ठेवलं.

"डीअर प्लस टर्टल. डीअर्टल," इला कुजबुजली.

मोरेश्वरला नावाशी देणंघेणं नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर कासवाची पाठ होती. उंच, घुमटासारखी. तिच्याखाली मागच्या माणसाला कमरेत वाकावं लागणार नाही. बैल-घोडे आता त्याच्या पाठीला झेपले नसते. पण कासव झेपलं असतं. आणि मागचे पाय झाले तर पुढचे पाय कोण, हे विचारायचीही गरज नव्हती.

त्याने अल्फारेटाला फोन लावला.

"देवा, नवीन प्राणी आहे. पुढे हरीण, मागे कासव. हरणाला सगळं दिसतं म्हणून ते सगळ्याला भितं. कासवाला काही बघायचंच नसतं, त्याला घर पायांनी कळतं. मधे नदी आणि धुकं."

पलीकडून आवाज आला, "नाव काय?"

"पोरं डीअर्टल म्हणतात. मी म्हणतो हरणासव."

"ते खोकल्याचं औषध वाटतं. जेवणानंतर दोन चमचे."

कित्येक महिन्यांनी देवदत्तने थट्टा केली होती. मोरेश्वरने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि म्हणाला, "पुढे तू हवास."

"मला दिसत नाही, मोऱ्या."

"मी आहे ना मागे. डावीकडे दाबलं की डावीकडे, उजवीकडे दाबलं की उजवीकडे. दोन्हीकडून दाबलं की थांब."

देवदत्त हो म्हणाला नाही. पण पंधरवड्याने, एका शुक्रवारी संध्याकाळी, संग्रामची गाडी कॅरीला दारात उभी राहिली आणि देवदत्त हात पुढे करून उतरला. अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि उरलेल्या केसांचा कोंबडा काढलेला होता.

कासवाची पाठ तोवर तयार झाली होती. हूला हूप, पोहायच्या फोमच्या नळ्या, दारात येणाऱ्या खोक्यांचे पुठ्ठे आणि वरून रीमाची जुनी तपकिरी चादर. छोटीशी शेपटी आर्यने चिकटवली होती. हरणाचं तोंड उर्वीने केलं होतं आणि ते खरोखरच भित्रं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी गाड्या बाहेर काढून गॅरेजमध्ये तालीम लागली. मुलं अजून यायची होती. देवदत्तने तोंड चढवलं, मोरेश्वरने मागे शिरून त्याची कंबर धरली. इतक्या वर्षांनी त्याच्या तळव्यांना ती जागा बरोबर सापडली, फक्त हाडं आता जास्त लागत होती. डावीकडे, उजवीकडे, थांब. रिकाम्या गॅरेजमध्ये दोन फेऱ्या ठीक झाल्या. तिसऱ्या फेरीला देवदत्तच्या मानेत जुना झोक आला. मोरेश्वरला तो दिसला नाही, पण कमरेतून कळला, आणि कासवाच्या पोटातल्या अंधारात त्याला हसू फुटलं.

मग मुलं आली. उर्वीने संगीत लावलं. लहान मुलांचा तो चिवचिवाट कानावर पडला आणि देवदत्तच्या अंगात पुढचा माणूस संचारला. त्याने वेग घेतला. मोरेश्वरने डावीकडे दाबलं. देवदत्त उजवीकडे वळला. मोरेश्वरने दोन्हीकडून दाबलं. देवदत्त थांबला नाही. थांबणार कसा? पुढच्याने मागच्याचं ऐकायचं, हे त्या जोडीत कधी घडलंच नव्हतं. एवढी साधी गोष्ट मोरेश्वरच्या ध्यानात यायला हवी होती आणि ती आली नाही.

गॅरेजच्या कोपऱ्यात रीमाचा जादा फ्रीज होता, गणपतीच्या खोवलेल्या नारळाच्या पिशव्यांनी भरलेला. हरीण त्यावर आदळलं. तोंड गळून पडलं. मुलांना वाटलं हे नाटकातच आहे. ती खदखदून हसली. देवदत्त दोन्ही हातांनी समोरची हवा चाचपत उभा राहिला, आणि ते बघून एकेक मूल हसायचं थांबलं. हशा चालू राहिला असता तर तो सावरला असता. पण त्या एकेकाच्या गप्प होण्याचा आवाज त्याने नीट ऐकला.

"संग्रामला सांग, उद्या निघू," तो शांतपणे म्हणाला. "आणि ते तोंड उचला खालून. कोणाच्या तरी पायाखाली येईल."

रविवारी सकाळी मोरेश्वर एकटाच गॅरेजमध्ये गेला. पाठीच्या आतला एक पट्टा धक्क्याने उसवला होता. नाटक कोणी का करेना, वस्तू धड असावी. तो सुई-दोरा घेऊन कासवाच्या पाठीखाली शिरला, पट्ट्याचं टोक चाचपून धरलं आणि टाके घातले. दोऱ्याला गाठ मारून बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्याने आत दिवा नेलाच नव्हता. भिंतीवरचा टॉर्च भिंतीवरच होता. त्याला तो घ्यायचं सुचलंसुद्धा नव्हतं.

तो तसाच स्वयंपाकघरात गेला. देवदत्त बॅग पायाशी ठेवून चहा पीत होता. संग्राम बाहेर गाडीत हवा भरत होता.

"देवा, तू मागे ये."

"कशाच्या मागे?"

"हरणासवाच्या."

देवदत्तने कप खाली ठेवला. बशी शोधायला त्याला जरा वेळ लागला. "म्हणजे आता मी मागचे पाय."

"हो."

"लोक मला बघायला यायचे, मोऱ्या."

"येत होते. आणि माझ्यावाचून तू दोन पायांचा घोडा होतास."

"मागे मला कोण बघणार?"

"कोणी नाही. मला तरी कोणी बघितलं? अरे, आत मिट्ट काळोख असतो. इतकी वर्षं मी आत डोळे उघडे ठेवायचो की मिटून घ्यायचो, ते मलाही सांगता येणार नाही. तुला वाटतंय तुझं काहीतरी गेलं म्हणून तुला हे जमणार नाही. मागे त्याचा उपयोगच नसतो. तिथे तुझे डोळे आणि माझे डोळे सारखेच."

बाहेर पंपाचा आवाज थांबला.

"आणि पुढे कोण?"

याचा मोरेश्वरने विचारच केला नव्हता.

"मी," तो म्हणाला.

देवदत्त हसायला लागला. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलवून. "तू? स्वतःच्या मुलीच्या बारशाच्या फोटोत तू मान खाली घालून उभा आहेस. वहिनी जाईपर्यंत तो फोटो दाखवून मला सांगायच्या, भावजी, हे बघा, यात आमचे हे कुठले ते ओळखा."

"मग शिकव."

"आधी मान उचल."

"उचलली."

"खोटं बोलू नकोस, मला आवाजावरून कळतं. खालीच आहे." मग तो गंभीर झाला. "एवढा एकच प्रयोग. तू म्हणतोस म्हणून. त्यानंतर मला घरी सोडा आणि परत कोणी हाका मारू नका."

संग्राम एकटाच अल्फारेटाला परत गेला.

पुढचे दिवस रीमाच्या घरात दोन म्हातारे एकमेकांचं काम शिकत होते. रीमा लॅपटॉपवर मीटिंगमध्ये असायची आणि मागून आवाज यायचे. "आधी मान, मग नजर, मग पाय. तू सगळं एकदम करतोस, हरीण आहेस का पोस्टमन?" त्यावर मोरेश्वर सांगायचा, "मागून ढकलू नकोस. पुढच्याच्या पाठीचा कणा ऐकायचा. कानांनी नव्हे, तळव्यांनी. तो कुठे वळणार ते त्याच्याआधी त्याच्या कण्याला कळतं." देवदत्तला हे लवकर आलं. गेलं वर्षभर तो भिंती, दरवाजे, चमचे आणि माणसांचे श्वास असेच तळव्यांनी आणि कानांनी वाचत होता. मोरेश्वरला मात्र मान वर ठेवणं काही केल्या येईना. इला त्याच्यासमोर उभी राहून सांगायची, "आजोबा, लुक ॲट मी. नॉट ॲट माय शूज." तो दोन क्षण बघायचा आणि नजर पुन्हा बुटांवर यायची.

प्रयोगाच्या शनिवारी शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल भरला होता. बटाटेवड्यांचा आणि अत्तराचा वास, पैठण्या, फोनचे स्क्रीन, आणि अंगावर शहारे आणणारा एसी. विंगेत रीमाने दोघांच्या पट्ट्या बांधल्या. उर्वी मुलांना शेवटचं ओरडून घेत होती. पडद्यामागून पेटीचे सूर आले आणि मोरेश्वरला वाटलं आता कोणीतरी म्हणेल, अरे मोऱ्या, चुकून पुढे उभा राहिलास.

कोणी म्हणालं नाही. हरणासव रंगमंचावर गेला.

हरणाच्या मानेत जाळी होती. जाळीतून मोरेश्वरने समोर बघितलं आणि तिथेच खिळला. इतकी वर्षं त्याने प्रेक्षक फक्त ऐकले होते. खोकला, हशा, लिमलेटच्या गोळ्यांच्या कागदांचा चुरचुर आवाज. आता ते दिसत होते. पुढच्या रांगेत चटईवर बसलेली पोरं, प्रत्येकाचं तोंड थोडं उघडं, आणि ती सगळी त्याच्याकडे बघत होती. देवदत्तला हे रोज दिसत होतं तर. हे गेलं याचं.

घर शोधणाऱ्या मुलीचं काम करणाऱ्या इलाने आपलं वाक्य म्हटलं. "मला पलीकडे नेशील?"

हरणाने म्हणायचं होतं, पलीकडचं मला दिसत नाही. मोरेश्वरच्या तोंडून शब्द फुटेना. निळ्या साडीची नदी हलवणारी दोन मुलं हलवून हलवून दमली. इलाने वाक्य पुन्हा म्हटलं. विंगेतून उर्वीने ते वाक्य सांगितलं, मग जरा मोठ्याने सांगितलं. पुढच्या रांगेतली पोरं चुळबुळायला लागली.

देवदत्तचे तळवे मोरेश्वरच्या कमरेवर होते. त्यांनी डावीकडे दाबलं नाही, उजवीकडे दाबलं नाही. काही क्षण ते नुसते तिथे टेकून राहिले. आणि मग कासव खाली बसलं. सावकाश, जसं एखादं म्हातारं माणूस ओट्यावर टेकतं तसं, एक सुस्कारा सोडून. हरीण मागे ओढलं गेलं आणि त्याची मान अचानक वर झाली.

चटईवरची पोरं हसली.

तेवढ्यात मागच्या अर्ध्यातून आवाज आला. मागचे पाय कधी बोलत नसतात. पण हा आवाज हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत माइकशिवाय गेला.

"दिसत नाही तर नाही. तू उभा राहा बापडा. मी बसतो. घाई कोणाला आहे?"

हॉल गडगडला. ज्यांना मराठी धड येत नव्हतं ती पोरंही बसलेल्या कासवाकडे बोट दाखवून हसत होती. त्या हशाच्या पाठीवर मोरेश्वरच्या तोंडून शब्द आले.

"बसतोस काय? पोरगी खोळंबली आहे."

"मग चल."

"धुकं आहे समोर. काही दिसत नाही."

"मला कधी दिसत होतं? पाण्याशी गेलास की सांग. पुढचं माझे पाय बघतील."

हे उर्वीच्या कागदावर कुठेच नव्हतं. विंगेत तिने कपाळाला हात लावला आणि तो तसाच ठेवला. मोरेश्वर पाण्याशी गेला. मुलगी कासवाच्या पाठीवर हात ठेवून चालू लागली. हरीण दर पावलाला दचकत होतं, तर मागच्या अर्ध्याचं एकही पाऊल चुकत नव्हतं. मधोमध एकदा देवदत्तने मुद्दाम थांबून, "जरा पोहून घेऊ का?" असं विचारलं आणि हरणाने मागे वळून त्याच्याकडे बघितलं. एवढं सुंदर वळून बघायला मोरेश्वरला कोणी शिकवलं नव्हतं. नदी ओलांडायला ठरल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला. कोणी तक्रार केली नाही.

पडदा पडल्यावर विंगेत रीमा पट्ट्या सोडू लागली. हरणाचं तोंड निघालं. कासवाच्या पाठीतून देवदत्त बाहेर आला तो घामाने निथळत, कोंबडा कपाळावर चिकटलेला, श्वास वर लागलेला. कोणीतरी खुर्ची दिली. तो बसला आणि पाणी पिऊन झाल्यावर त्याने हवेत हात फिरवला. मोरेश्वरने आपला हात त्यात दिला.

"काय रे, आत श्वास कसा घेत होतास तू इतकी वर्षं?"

"घेत नव्हतो."

"कधी बोलला नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस."

देवदत्तने मान हलवली. मुलं भोवती जमली होती, कोणी पाठीवर टकटक करून बघत होतं, कोणी आत डोकावत होतं. तो थोडा वेळ त्यांची बडबड ऐकत राहिला.

"पुढच्या वेळी पाठीला एक जाळी लाव," तो म्हणाला. "उकडून मरतो माणूस. आणि शेपटी लांब करा. एवढीशी शेपटी ठेवलीय, मला काही करताच येत नाही तिच्याशी. कोणी केली ती?"

मोरेश्वरने मान वर करून मुलांमध्ये शोधलं.

"आर्य," त्याने हाक मारली, "इकडे ये रे जरा. आजोबा काय म्हणतायत ते ऐक."